सुगंधाला काचच का लागते?

गेल्या काही दशकांत प्लॅस्टिकने घरातील जवळजवळ प्रत्येक फळी काबीज केली. गोडेतेलाची बाटली गेली, दुधाची गेली, शाम्पू तर चिमूटभर पुडीत येऊन बसला. आरशासमोरच्या फळीवर मात्र काच अजून ठाण मांडून आहे. अत्तर, परफ्यूम, नेलपॉलिश आणि अलीकडची महागडी सीरम काचेतच येतात. ही केवळ श्रीमंती मिरवण्याची हौस आहे, की त्यामागे काही शास्त्र आहे? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यातील शास्त्रासाठी किती पैसे मोजले आणि हौसेसाठी किती, हे मात्र बाटलीवर कुठेही छापलेले नसते.

सर्वांत सरळ उदाहरण नेलपॉलिशचे. हा रंग पातळ राहतो तो इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट यांसारख्या द्रावकांमुळे. नखावर लावताच ती उडून जातात आणि रंगाचा थर मागे राहतो. हीच द्रावके अनेक प्रकारच्या प्लॅस्टिकला मऊ करतात, काहींना तर विरघळवतातही. काचेवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. बाटली हलवताना आत जो खुळखुळ आवाज येतो, तो तळाशी बसलेले रंगद्रव्य ढवळण्यासाठी टाकलेल्या पोलादी गोळ्यांचा. तेव्हा ही बाटली काचेची असते ती दिखाव्यासाठी नव्हे.

परफ्यूमची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. त्यात मोठा भाग अल्कोहोलचा आणि उरलेला डझनावारी सुगंधी द्रव्यांचा असतो. प्लॅस्टिकची भिंत डोळ्यांना अखंड दिसली तरी रेणूंच्या दृष्टीने ती पूर्ण बंद नसते. काही सुगंधी द्रव्ये तिच्यात मुरतात, अल्कोहोल हळूहळू बाहेर झिरपते आणि हवेतील ऑक्सिजन आत शिरतो. प्रवासासाठी छोट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत काढून ठेवलेला सुगंध काही महिन्यांनी 'उतरल्यासारखा' वाटतो, त्यामागे हेच कारण असू शकते. काच मात्र काही घेत नाही आणि काही देतही नाही.

अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील कनौजमध्ये याच गुणाची दुसरी बाजू पाहायला मिळते. तेथे ताजे अत्तर परंपरेने चामड्याच्या कुपीत मुरवत ठेवले जाते. उर्ध्वपातनानंतर अत्तरात राहिलेला पाण्याचा अंश चामड्यातून निघून जातो आणि तेल आतच राहते. अत्तर पक्के झाले की मग ते काचेत जाते. मुरवण्यासाठी श्वास घेणारी भिंत हवी आणि टिकवण्यासाठी श्वास न घेणारी, हे कारागिरांना रसायनशास्त्राच्या पुस्तकाविना ठाऊक होते.

काचेची एक उणीव मात्र दुकानातील दिव्यांच्या झगमगाटात लपून जाते. स्वच्छ पारदर्शक काच प्रकाशाला अडवत नाही. सुगंधी द्रव्ये आणि त्वचेच्या सीरममधील काही घटक प्रकाशात बिघडतात. 'सी' जीवनसत्त्वाचे सीरम पिवळे पडून पुढे तपकिरी होते, हे अनेकींनी अनुभवले असेल. औषधांच्या बाटल्या तपकिरी असतात त्या याचसाठी. ती काच अतिनील किरण आणि निळा प्रकाश मोठ्या प्रमाणात अडवते. पारदर्शक बाटलीतील परफ्यूमचे खरे संरक्षण करतो तो पुठ्ठ्याचा खोका. आणि आपण घरी आल्याबरोबर नेमका तोच फेकून देतो! क्रीमच्या रुंद तोंडाच्या बरणीत तर काच असो वा प्लॅस्टिक, बोटांबरोबर जंतू आणि हवा आत जायची ती जातेच.

आता हौसेचा भाग. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील सुगंध व्यावसायिक फ्रान्स्वा कोटी याने रेने लालिक या कलावंताकडून कुप्या घडवून घेतल्या. सुंदर कुपी साच्यातून मोठ्या संख्येने काढता येते, हे तेव्हा सिद्ध झाले आणि गिऱ्हाईक सुगंधाइतकेच बाटलीवर भाळू लागले. आजही फ्रान्समधील नॉर्मंडीजवळचे ब्रेल नदीचे खोरे या धंद्याचे माहेरघर मानले जाते. भारतात गुजरातमधील कोसंबा आणि जंबुसर येथे पूर्वीच्या पिरामल ग्लासचे, म्हणजे आताच्या पीजीपी ग्लासचे कारखाने परफ्यूम आणि नेलपॉलिशच्या बाटल्या तयार करतात.

सिलिका वाळू, सोडा ॲश आणि चुनखडी भट्टीत सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसला वितळवली जातात. वाळूत लोहाचा किंचित अंश असला तरी काचेला हिरवट छटा येते. म्हणून परफ्यूमसाठी निवडक वाळू लागते. वितळलेल्या रसाचा गोळा कात्रीने कापून साच्यात पडतो, हवेच्या दाबाने फुगतो आणि बाटली तयार होते. ती लगेच गार केली तर तडकेल, म्हणून लांब बोगद्यासारख्या भट्टीतून तिला सावकाश थंड करत नेतात. मुख्य भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालू ठेवावी लागते. काच आत गोठली तर भट्टीच निकामी होते.

परफ्यूमच्या बाटलीचा तळ मुद्दाम जाड ठेवला जातो. हातात वजन जाणवले की माल भारी वाटतो, हे उत्पादक ओळखून असतात. त्या जाड तळाचा आतील द्रव टिकण्याशी काडीचाही संबंध नाही. अनेकदा काचेचे वजन आतील द्रवापेक्षा अधिक भरते. म्हणजे अधिक वाळू, अधिक इंधन आणि अधिक वाहतूक. बाटलीच्या आकारावरून आतील मालाचा अंदाज बांधणाऱ्याने निव्वळ प्रमाणाचा मिलिलिटरमधील आकडा आधी वाचलेला बरा.

'काच पुन्हा पुन्हा वितळते' हे खरेच आहे. भट्टीत काचेच्या भंगाराचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढवले, तर इंधन साधारण २.५ ते ३ टक्के वाचते. पण सौंदर्यप्रसाधनांची बाटली या चक्रात सहजासहजी येत नाही. परफ्यूमचा फवारा धातूचे कडे दाबून गळ्यावर कायमचा बसवलेला असतो, तो हाताने निघत नाही. वर रंगाचा, मुलाम्याचा थर. नेलपॉलिशच्या बाटलीत वाळलेला रंग. इतकी चिमुकली बाटली साफ करण्यात भंगारवाल्याला काय सुटणार?

नामांकित परफ्यूमच्या रिकाम्या बाटलीला मात्र वेगळाच बाजार असतो. खोक्यासह असेल तर भाव अधिक. अशा बाटलीत हलका माल भरून ती 'अस्सल' म्हणून विकली जाते, आणि मग काचेची शुद्धताच फसवणुकीला हातभार लावते. बाटली टाकण्यापूर्वी लेबल खरवडावे आणि खोका फाडावा तो यासाठी.

अलीकडे काही कंपन्यांनी गळ्याला आटे असलेल्या, पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्या आणल्या आहेत आणि त्याची जाहिरात नावीन्य म्हणून केली जाते. मुंबईत महंमद अली रोडवरील अत्तराच्या दुकानांत मोठ्या काचपात्रातून तोळ्याच्या मापाने छोट्या कुपीत अत्तर ओतून देण्याचा व्यवहार त्याआधीपासून चालत आला आहे.