एका बाजूची ओळख

एखाद्या नटाने किंवा क्रिकेटपटूने सांगितले म्हणून लोक वस्तू विकत घेतात, तेव्हा त्याला सहसा भाबडेपणा म्हटले जाते. खरे कारण आपल्या मनाच्या नेहमीच्या कामकाजात आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना पडद्यावरच्या माणसाशी वाटणाऱ्या जवळिकीला ‘पॅरासोशल’ नाते (एकाच बाजूने जुळलेली ओळख) असे नाव दिले.

समोरच्या इमारतीतले कुटुंब रोज खिडकीतून दिसते. त्यांच्या सवयी आपल्याला पाठ होतात. त्यांना मात्र आपले नावही ठाऊक नसते. पडद्यावरच्या माणसाशी आपले असेच होते. चेहरा आणि आवाज वारंवार भेटला की मन त्याला परिचितांत धरते, आणि परिचिताच्या शब्दावर विश्वास लवकर बसतो. हे शिकलेल्या, विचारी माणसांच्या बाबतीतही घडते.

हा प्रभाव वाईटच असतो असेही नाही. पोलिओचे दोन थेंब बाळाला पाजा, हे आवाहन अमिताभ बच्चन यांच्या तोंडून घरोघरी पोचले. मात्र ओळखीचा चेहरा म्हणजे त्या विषयातला जाणकार नव्हे. म्हणूनच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पुन्हा तीच चूक केल्यास तो पन्नास लाखांपर्यंत जाऊ शकतो.

आवडता कलाकार आवडता राहू द्यावा. खरेदीपूर्वी एवढेच पाहावे, की त्याला या विषयातले कळते का आणि बोलण्याचे पैसे मिळाले आहेत का.