चेक बाउन्स झाला? आधी फोनच्या कॅलेंडरमध्ये तारखा टाका

समजा, तुम्ही एका दुकानदाराला वेबसाइट करून दिली. त्याने 40,000 रुपयांचा चेक दिला आणि चार दिवसांनी बँकेचा एसएमएस आला, चेक परत. फोन केला तर तो म्हणतो, "पुढच्या आठवड्यात नक्की देतो." इथेच बरेच जण अडकतात. त्याचे आठवडे वाढत जातात आणि इकडे कायद्याची मुदत संपत येते.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, 1881 च्या कलम 138 नुसार देणं फेडण्यासाठी दिलेला चेक बाउन्स होणं हा गुन्हा ठरू शकतो. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यासाठी तारखा पाळाव्या लागतात.

बँकेकडून रिटर्न मेमो घ्या. चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. स्पीड पोस्टने पाठवा आणि ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट ठेवा. नोटिशीत मागायची रक्कम चेकवर आहे तेवढीच, नेमकी. व्याज, वकिलाची फी त्यात मिसळू नका, वेगळी दाखवा. या एका आकड्यावरून केस उडू शकते.

नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस मिळतात. ती 10 जूनला मिळाली असेल, तर 25 जूनपर्यंत थांबा. त्याआधी कोर्टात जाऊ नका, ती तक्रार टिकत नाही. नंतर मात्र महिनाभराच्या आत तक्रार दाखल करा. 2015 च्या दुरुस्तीनंतर ती तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते, त्यामुळे त्याच्या गावी खेटे घालायला नकोत.

नोटिशीचे 30 दिवस हुकले? चेकवरच्या तारखेपासून 3 महिने झाले नसतील तर तोच चेक पुन्हा बँकेत टाका. परत आला की नवा मेमो आणि नवे 30 दिवस.

"मी स्टॉप पेमेंट केलंय, आता काय करशील?" असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. स्टॉप पेमेंटलाही कलम 138 लागू होऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 1998 मध्येच सांगितलंय. हां, खात्यात पुरेसे पैसे होते आणि थांबवायला खरं कारण होतं, उदाहरणार्थ तुमचं काम अर्धवट होतं, हे त्याने सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी.

व्हॉट्सॲपवरचं "देतो, देतो" डिलीट करू नका. कोर्टात चॅट दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, वकिलाला आधीच सांगून ठेवा. केस नोंदली की सीएनआर नंबर घ्या, ईकोर्ट्स ॲपवर पुढची तारीख दिसते.

निकालाला वेळ लागतो, हे खरं. म्हणून 2018 पासून चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला कोर्ट सांगू शकतं. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करायला वकिलाला आठवण करा.