पाणी ओसरल्यानंतरचा ताप



आपल्यापैकी कैकांची मुलं नोकरीधंद्यासाठी अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडं राहतात. पावसाळ्यात तिकडं पाणी तुंबल्याचं कळलं की इकडं जीव टांगणीला लागतो. पोरगा घरी पोचला म्हटलं की आपण निर्धास्त होतो. आमचं म्हणणं असं, की खरी नजर ठेवायची ती त्यानंतरचे दोन-तीन आठवडे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला शंभरही भरला नाही. उपनगरांतली माणसं कमरेइतक्या पाण्यातून तासन्‌तास चालत घरी गेली. ऑगस्टात दवाखाने तापकऱ्यांनी भरले. मलेरिया, डेंग्यू होतेच. पण कित्येकांना लेप्टोस्पायरोसिस निघाला.

या रोगाचे जंतू उंदीर-घुशी, कुत्री, गुरं, डुकरं यांच्या लघवीतून पाण्यात नि चिखलात उतरतात. पायाला चीर असली, टाच भेगाळलेली असली, की आत शिरतात. बहुधा आठ-पंधरा दिवसांनी थंडीताप येतो, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देववत नाही. पुष्कळजण तेवढ्यावर बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते. सर्वांत वाईट म्हणजे फुप्फुसात रक्तस्राव होतो, हृदयाला सूज येऊन ठोके बिघडतात. खोकल्यातून रक्त, धाप, छातीत दुखणं दिसलं तर मोठं इस्पितळच गाठावं. कावीळ दिसेपर्यंत थांबू नये. ती न होताही माणूस दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.

हे शहराचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. जगात याला ऊसतोड्यांचा ताप असंही नाव आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या इंगहॅम भागात १९३३-३४ साली तोडणी कामगार यानं आजारी पडू लागले. उंदीर पळावेत म्हणून ऊस जाळूनच तोडायचा, या मागणीसाठी त्यांनी १९३४-३५ मध्ये संप केले. (आम्ही फड पेटवा असं सुचवत नाही, पाचटाची किंमत आपण जाणता.) पण पाटाच्या पाण्यात अनवाणी उभं राहणारा, पाल्यानं हातपाय कापलेला माणूस आपल्याही फडात आहेच.

औषध दुर्मिळ नाही. पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन ही जुनीच औषधं लवकर दिली तर गुण येतो. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी कोरी येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगावं, ‘मी अमुक दिवशी पाण्यात होतो.’ ते विचारतीलच असं नाही. पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्या, असं मुंबई महापालिकाही सांगते. प्रतिबंधाची गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. गरोदर बाई नि लहान मुलांना ती मनानं देऊ नये.

मुंबईच्या पोराला फोन करता येतो. टोळीतला माणूस मात्र खाडा पडेल म्हणून ताप अंगावर काढतो. फडात कुणी पोटऱ्या धरून बसलेला दिसला, तर मुकादमाची वाट न बघता त्याला आपल्याच गाडीवर बसवून दवाखान्यात न्यावं.