लग्नाच्या यादीतले वाढीव पान

‘येताना मैत्रिणीला घेऊन येऊ का?’ हा प्रश्न पत्रिका वाटून होण्याच्या आतच लग्नघरी येऊ लागतो. त्याभोवतीचा सर्वांत पक्का गैरसमज असा, की माणसे मोजून बोलावणे ही परकी, शहरी रीत आहे. वास्तविक गावाकडच्या आवतणातही मोजणी होतीच. ‘चूलबंद’ आवतण म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे जेवायला. ‘घरटी एक’ म्हणजे घरातून एकच माणूस. कोणत्या घराला कोणते आवतण हे आधी ठरे आणि ऐकणाऱ्यालाही ते नेमके कळे. छापील पत्रिकेत हा फरक पुसला गेला. तिथे सरसकट ‘सहकुटुंब सहपरिवार’ असते. मग यजमानाच्या यादीत दोन पाने आणि पाहुण्याच्या मनात पाच, असा घोळ होतो. पत्रिकेवरून संख्या ठरवता येत नाही. ती आमंत्रण देतानाच सांगावी लागते: ‘तुम्ही दोघे नक्की या.’

बुफेत एखाद्या माणसाने काय फरक पडतो, असेही म्हटले जाते. पाचशे-सातशे पानांच्या लग्नात खरेच पडत नाही. केटरर थोडा जास्तीचा स्वयंपाक धरूनच चालतो. पण शंभर पानांच्या लग्नात तीस घरांनी एकेक माणूस आणले, तर ताटामागे ६०० रुपये दराने १८,००० रुपये वाढतात आणि शेवटच्या रांगेला गोड पुरत नाही. गोव्यातल्या मुक्कामी लग्नात एक माणूस म्हणजे एक खाट, बसमधली एक जागा आणि दोन दिवसांची जेवणे. ‘काही जण येणारच नाहीत, तेवढ्यात भागेल’ हा हिशेबही फसवा असतो, कारण न आलेल्यांमुळे बिल कमी होईलच असे नाही. बहुतेक ठिकाणी ठरलेल्या किमान पानांचे पैसे द्यावेच लागतात.

नाही म्हटले की नाती तुटतात, ही भीती सर्वांत मोठी असते. कोरोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, केंद्र सरकारने लग्नाला ५० माणसांची मर्यादा घातली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती २५ वर आली आणि नियम मोडल्यास ५०,००० रुपये दंड होता. सख्ख्या नातेवाइकांनीही तेव्हा ते समजून घेतले, कारण नियम सर्वांना एकच होता. माणूस दुखावतो तो नकारापेक्षा दुजाभावाने: एका आतेभावाला मित्र आणू दिला आणि दुसऱ्याला नाही, की बोल लागतोच. म्हणून नकार विचारणाऱ्या पाहुण्याच्या बाजूच्याच जवळच्या माणसाने, फोन करून, कारणासह द्यावा. ‘ताई, हॉल शंभराचाच आहे आणि दोन्ही घरांची यादी भरली. मैत्रिणीला या वेळी नाही जमणार. पूजेला मात्र तिला नक्की घेऊन ये.’ लग्नानंतरच्या सत्यनारायणाला किंवा स्वागत समारंभाला जागा असेल, तर हे बोलावणे मनापासूनचे ठरते.

सर्वांना एकच नियम म्हणजे सरसकट नकार, असा मात्र अर्थ नाही. पाहुण्याचा नवरा, बायको किंवा साखरपुडा झालेला जोडीदार यादीत राहून गेला असेल, तर ती यजमानाची चूक असते आणि विचारण्याआधीच ती सुधारावी. आजोबांना हात धरून आणणारा मदतनीस, तान्ह्या बाळाला सांभाळणारी बाई, गाडीचा चालक यांना वाढीव पाहुणे समजणे चूकच. त्यांची पाने पहिल्या यादीतच धरायची असतात.

अमेरिकेतल्या मराठी लग्नांत पाकिटावर ज्यांची नावे असतात त्यांनाच आमंत्रण, आणि किती जण येणार हे ठरल्या तारखेपर्यंत कळवायचे, अशी तिथली पद्धत पाळली जाते. पुण्याहून जाणाऱ्या नातेवाइकांना ती कोरडी वाटते, पण तिथे बहुधा प्रत्येकाची खुर्ची नावानिशी मांडलेली असते.

आधी नकार दिला असल्यास आयत्या वेळी आलेल्याला अडवावे, हाही गैरसमजच. मांडवात आलेले माणूस जेवूनच जाते. त्यासाठी वाढीव ताटाचा दर करारातच लिहून घ्यावा आणि ताटे मोजताना घरचे एक जबाबदार माणूस केटररच्या माणसाबरोबर उभे ठेवावे. आकड्यावर दोघांची सही झाली, की रात्री हिशेबाच्या वेळी वाद होत नाही.