बुंध्यातलं बावखल

मे महिन्यात विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींकडे मान वर करून पाहा. गॅलरीतली तुळस दुपारी मान टाकते, पण तिच्याच शेजारच्या कुंडीत एक बुटकं, फुगीर बुंध्याचं झाड गडद गुलाबी फुलांनी भरलेलं असतं. हे अडेनियम. नर्सरीत ते ‘डेझर्ट रोझ’ म्हणून मिळतं, पण गुलाबाशी त्याचं नातं नाही आणि ते निवडुंगही नाही.

ते आहे आपल्या कण्हेरीचं भावंड. करवंद, सातवीण, देवचाफा हीसुद्धा याच कुळातली. पावसाळ्यात कण्हेरीवर पोसणारी बोटाएवढी हिरवी अळी अडेनियमवरही हजर होते. तिच्या डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके असतात, आणि दोन रात्रींत ती फांदी बोडकी करून टाकते. तरी लगेच औषध फवारू नका. तिला उचलून कण्हेरीवर सोडा; पुढे तिचाच हिरव्या नक्षीचा देखणा पतंग होतो.

अडेनियम मूळचं आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये पाठवलेल्या मोहिमेतला निसर्गअभ्यासक पीटर फोर्सकोल याने येमेनमध्ये त्याची नोंद केली. जुलै १७६३ मध्ये तो तिथेच मलेरियाने दगावला. त्याचा सोबती कार्स्टेन नीबुर त्याच वर्षी जहाजाने मुंबईला आला. मोहिमेतला तोच एक जण जिवंत मायदेशी परतला. मित्राची टिपणं त्याने १७७५ मध्ये छापली. त्यात या झाडाचं नाव होतं ‘नेरियम ओबेसम’, म्हणजे लठ्ठ कण्हेर. एडनवरून ‘अडेनियम’ हे नाव १८१९ मध्ये पडलं.

हा लठ्ठपणाच त्याचा जीव राखतो. बुंध्यातल्या मऊ, पातळ भिंतींच्या पेशी पावसाचं पाणी भरून घेतात आणि वरची साल ते उडू देत नाही. दुष्काळ लांबला की झाड पानं गाळतं, म्हणजे खर्चच बंद करतं. वसईकराला हे वेगळं समजवायला नको. वाडीच्या कडेला बावखल खणायचं, चार महिन्यांचं पाणी त्यात साठवायचं आणि केळी-पानवेली उन्हाळाभर जगवायच्या, हे इथल्या बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. अडेनियमचं बावखल त्याच्या पोटातच असतं.

मग हे काटक झाड वसईत मरतं कशाने? पाण्याने. जून ते सप्टेंबर इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. कुंडीतल्या मातीच्या फटींत पाणी भरलं की हवेला जागा उरत नाही. मुळं गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला वाट मिळते. वरून फूल दिसत असतं आणि खाली बुंधा पिकलेल्या पपईसारखा मऊ होत असतो. म्हणून कुंडीत माती थोडी आणि जाड रेती, विटांचे तुकडे, कोळसा जास्त हवा. कुंडीच्या तळाची भोकं मोकळी हवीत. मुसळधार पावसात कुंडी छपराखाली घ्यावी.

बुंध्याला कूज लागलीच, तर स्वच्छ सुरीने पांढरा, घट्ट गर दिसेपर्यंत कापावं, झाड आठवडाभर सावलीत सुकवावं आणि मगच पुन्हा लावावं. हातमोजे विसरू नयेत. आफ्रिकेत याच झाडाच्या रसाने बाणांना विष चढवत, कारण त्यातली द्रव्यं थेट हृदयावर घाव घालतात. घरात रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावरच बरी.

काटकपणा म्हणजे काहीही सोसणं नव्हे. तहान सोसायला घडलेल्या देहाला बुडणं सोसत नाही. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या उन्हात कुंडी परत कठड्याशी ठेवा आणि बुंधा अंगठ्याने दाबून पाहा. तो टणक लागला, तर पुढच्या कोरड्या दिवसांची बेगमी झाली म्हणायची.