टेकऑफच्या वेळी वैमानिक नेमकं काय बोलतात?

बारामती एमआयडीसीजवळच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडतात. कटफळ-गोजुबावीच्या लोकांना तो आवाज अंगवळणी पडलाय, तरी पारावरच्या गप्पांत त्याबद्दल भलतंच काही ऐकू येतं. एकच विमान पुन्हा पुन्हा घिरट्या घालताना दिसलं की ‘चाक अडकलं असणार’ अशी चर्चा होते. तो सर्किटचा सराव असतो. उडायचं, धावपट्टीला समांतर फेरी मारायची, चाकं टेकवायची आणि न थांबता पुन्हा उडायचं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान 200 तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातला बराच वेळ अशा फेऱ्यांत जातो. मध्येच इंजिनाचा आवाज बसला, तरी अनेकदा प्रशिक्षकानेच मुद्दाम पॉवर कमी करून ‘आता कुठे उतरशील?’ असं विचारलेलं असतं.

‘रनवे 11’ म्हणजे अकरावी धावपट्टी, हाही असाच एक समज. बारामतीत धावपट्टी एकच. होकायंत्रावर तिची दिशा साधारण 110 अंश आहे; शेवटचं शून्य गाळलं की 11. दुसऱ्या टोकाकडून तीच 29 होते. कुठल्या टोकाकडून उडायचं हे मुख्यतः वारा ठरवतो. वारा पाठीमागून असला की विमानाला रेटा मिळतो, असं चांगले शिकलेले लोकही सांगतात. खरं तर पंखांना उचल मिळते ती समोरून येणाऱ्या हवेमुळे, म्हणून शक्यतो वाऱ्याकडे तोंड करूनच उडतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की 29 सोयीची पडते.

सगळ्यांत घट्ट बसलेला समज असा, की टॉवरमधला माणूस सूचना देत राहतो आणि वैमानिक त्याप्रमाणे विमान चालवतो. टॉवर परवानगी देतो. विमान चालवण्याचे निर्णय वैमानिकाचे. बारामतीत तर बरीच वर्षं नियमित हवाई वाहतूक नियंत्रण (एटीसी) नव्हतं. प्रशिक्षण संस्थांचे लोकच रेडिओवर वारा आणि आसपासच्या विमानांची माहिती देत. अशा ठिकाणी प्रत्येकाने आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत हे रेडिओवर सांगायचं आणि इतरांचं कान देऊन ऐकायचं, यावरच सारं चालतं. जिथे टॉवर आहे तिथे मिळालेली परवानगी वैमानिक जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो. नुसतं ‘ओके’ चालत नाही.

हा काटेकोरपणा किती मोलाचा, हे 27 मार्च 1977 ला टेनेरीफ बेटावर कळलं. दाट धुक्यात केएलएमच्या कॅप्टनने टेकऑफची परवानगी नसताना विमान पळवलं. टॉवरचा आणि समोर धावपट्टीवरच असलेल्या पॅन अॅमच्या विमानाचा संदेश एकाच क्षणी आल्याने दोन्ही नीट ऐकू गेले नाहीत. दोन्ही विमानं धडकली आणि 583 माणसं गेली. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द रेडिओवर फक्त ती परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. कनिष्ठाने वरिष्ठाला ठामपणे टोकावं, या शिकवणीवरही या अपघातानंतर अधिक भर दिला जाऊ लागला.

धावपट्टीवर विमान पळू लागलं की टॉवरशी बोलणं जवळपास थांबतं. बोलतात ते दोघे वैमानिक, तेही ठरलेले मोजके शब्द. ठरावीक वेगाला, अनेक विमानांत 80 किंवा 100 नॉट्सला, एक जण तो आकडा उच्चारतो. दुसरा आपल्या बाजूचा वेगमापक तेच दाखवतो का, हे पाहतो. मग ‘व्ही-वन’. इथपर्यंत विमान थांबवता येतं. याच्या पुढे इंजिन गेलं तरी उडायचंच, कारण थांबायला धावपट्टी पुरणार नाही. म्हणूनच या क्षणी कॅप्टन इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवरचा हात काढून घेतो. ‘रोटेट’ म्हटलं की नाक उचलायचं. विमान खरोखर वर चाललंय हे दिसल्यावर ‘पॉझिटिव्ह रेट’ आणि मग ‘गिअर अप’, म्हणजे चाकं आत. एक इंजिन बंद पडलं की विमान कोसळतंच, ही भीती निराधार आहे. प्रवासी जेट एका इंजिनावर वर चढू शकतं. प्रवासी विमानांत टेकऑफ एरवी हातानेच होतो, ऑटोपायलट जमीन सोडल्यानंतर लावतात.

को-पायलट म्हणजे मदतनीस, हेही खरं नाही. एक जण उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो आणि या भूमिका आलटूनपालटून येतात. 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये टेकऑफनंतर पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिनं गेली, तेव्हा विमान को-पायलट जेफ स्काइल्स उडवत होते. कॅप्टन सलनबर्गर ‘माय एअरक्राफ्ट’ म्हणाले, स्काइल्स ‘युवर एअरक्राफ्ट’ म्हणाले, आणि ताबा बदलला. विमान हडसन नदीत उतरलं. 155 जण वाचले. भिगवणला उजनीच्या पाण्यावर दरवर्षी फ्लेमिंगोंचे थवे पाहणाऱ्यांना पक्ष्यांचा धोका वेगळा समजवायला नको.

एक इंजिनाच्या शिकाऊ विमानाचं गणित मात्र वेगळं. टेकऑफनंतर कमी उंचीवर इंजिन गेलं तर मागे धावपट्टीकडे वळायचं नाही, असंच शिकवतात. वळताना उंची आणि वेग दोन्ही जातात. समोरचं मोकळं रान निवडायचं. शिवारात विमान पडण्याची वेळ इथेही आली आहे: 25 जुलै 2022 ला एकट्याने उड्डाण करणाऱ्या प्रशिक्षणार्थी तरुणीचं सेसना विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. तो टेकऑफच्या वेळचा अपघात नव्हता. तरुणी किरकोळ जखमांवर बचावली. असं विमान शिवारात उतरलं तर आधी 112 ला फोन करा. पंख्यापासून लांब राहा, बिडी-काडी पेटवू नका आणि माणसाला वाचवण्यासाठी गरज नसेल तर तुकडे हलवू नका; तपासाला ते जागच्या जागी लागतात.