रिपोर्ट हिरवा, गाडी वाकडी

"ओढती का फिरती?"

मिस्त्रीला एवढंच हवंय. सरांनी मात्र हकिकत अगदी पहिल्यापासून सुरू केलीय. अलायमेंटला नगरला गेलो, तिथं रांग किती होती, मशीनवरचं पोरगं सारखं फोनवर कसं बोलत होतं. मिस्त्री हात वर करतो. "ते नंतर सांगा सर. गाडी एकाच साइडला ओढती, का कधी हिकडं, कधी तिकडं फिरती?"

सर थांबतात. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेला माणूस, विचारलं ते नीट आठवल्याशिवाय उत्तर देणार नाही. "फिरते," ते म्हणतात. "पन्नासपर्यंत तक्रार नाही. साठ ओलांडले की हातात राहत नाही. जरा उजवीकडं घ्यावं तर जास्तच जाते, सावरायला जावं तर डावीकडं पळते. ब्रेक लावला की आणखी. आणि अलायमेंट करायच्या आधी हे असलं काही नव्हतं, हे लक्षात घ्या."

शेवटचं वाक्य ऐकून मिस्त्री पहिल्यांदा गाडीकडं नीट बघतो. पांढरी मारुती 800, एमएच 17 पासिंग, पंधरा वर्षं उलटल्यावर पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदलेली. पॉवर स्टेअरिंग नाही. रस्त्यावर जे काय होतं ते सगळं थेट हातात येतं. या मॉडेलची पहिली गाडी डिसेंबर 1983 मध्ये गिऱ्हाइकाच्या हाती पडली, शेवटची जानेवारी 2014 मध्ये कारखान्यातून निघाली. पण राहुरीसारख्या गावात ती बंद पडली असं कुणाला वाटत नाही, कारण सामान अजून मिळतं आणि उघडणारे हात अजून आहेत.

गॅरेज म्हणजे नगर-मनमाड रस्त्यालगतची पत्र्याची शेड. समोरून उसाची डबल ट्रॉली जातेय, तिच्यामागं अडकलेली शिर्डीहून शिंगणापूरला निघालेली जीप हॉर्नवर हॉर्न मारतेय. या रस्त्याच्या खड्ड्यांवर आंदोलनं करकरून लोक थकले. मिस्त्रीचा निम्मा धंदा त्या खड्ड्यांनी चालवलाय, आणि तो ते लपवतही नाही.

सर अलायमेंटचा रिपोर्ट काढतात. छापील कागद, डावीकडं 'आधी', उजवीकडं 'नंतर'. आधीच्या रकान्यात दोन आकडे लाल, नंतरच्यात सगळे हिरवे. मला वाटतं आता मिस्त्री मशीनवाल्याला शिव्या घालणार. गॅरेजांमध्ये आधीच्या कारागिराच्या नावानं बोटं मोडणं हा रिवाजच आहे. पण तो कागद उन्हात धरून सावकाश वाचतो. "टो सरळ केलाय. बाकीचं ह्या गाडीत त्याला फिरवताच येत नाही." खरंच आहे. 800 च्या पुढच्या चाकांचा कॅम्बर आणि कॅस्टर, म्हणजे उभा कल आणि कण्याचा तिरकेपणा, कंपनीनंच कायम करून ठेवलेला. नेहमीच्या अलायमेंटमध्ये फिरवता येतो तो फक्त टो : दोन्ही चाकांची नाकं आत किती, बाहेर किती.

आधी हवा. पुढच्या डाव्या टायरात भलतीच जास्त, उजव्यात कमी. कुणीतरी पंपावर अंदाजानं मारलेली. दोन्ही सारख्या करून तो सरांना एक चक्कर मारून यायला सांगतो. आम्ही मुळा नदीच्या पुलापर्यंत जाऊन परततो. फरक आहे, पण रोग तोच. मिस्त्रीला हे अपेक्षितच होतं. "फुकटचं औषध आधी द्यायचं," एवढंच म्हणतो.

मग तो पुढच्या टायरावर तळवा फिरवतो. बाहेरून आत गुळगुळीत. आतून बाहेर नेला की नक्षीच्या कडा टोचतात. मलाही फिरवून बघायला लावतो. "कळलं का? आधी चाकं आत होती. चांगली आत. लई दिवस तशीच पळालीत." रिपोर्टच्या 'आधी'च्या रकान्यात तेच लिहिलंय, पण कागद न बघताही रबरानं ते सांगितलं. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार अंकही तो वाचतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर जुने नाहीत, फुगवटा नाही, धागा सुटलेला नाही. टायर सुटले.

आता खरं काम. गाडी चारी चाकांवर, जमिनीवरच. इंजिन बंद, किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक काढलेलं. हाताखालचं पोरगं आत बसून स्टेअरिंग थोडंथोडं हलवतंय, डावीकडं दोन बोटं, उजवीकडं दोन बोटं. मिस्त्री खाली पाठीवर. "हळू. आणखी हळू." जॅकवर चाकं लोंबकळतात तेव्हा काही जोड ताणून बसतात आणि ढिलेपणा लपतो, वजन अंगावर असताना ते खरं बोलतात. स्टेअरिंग हललं आणि चाक हललं नाही, तर मधली हालचाल कुठंतरी मुरतेय. ती कुठं मुरतेय ते शोधायचं, बस.

तो एकेका जोडावर बोट ठेवत जातो. कॉलमचा जोड ठीक. रॅकच्या क्लॅम्पचे रबर ठीक. बाहेरचे टायरॉड एंड दोन्ही ठीक, त्यांचे चेकनटही घट्ट. "नट नीट कसलेत पोरानं. उगं त्याला बोलू नका." मग डाव्या बाजूचा रबरी बूट तो चिमटीत धरतो. बूट एका घडीत फाटलाय, आत ग्रीसऐवजी काळी माती. पोरगं स्टेअरिंग हलवतं आणि बुटाच्या आतून बारीक 'टक' येतं. पुन्हा, 'टक'. माझं बोट तिथं ठेवल्यावर ते कानापेक्षा बोटाला जास्त कळतं.

"रॅक एंड गेला," खालून आवाज येतो. म्हणजे बुटाच्या आतला, टायरॉड आणि रॅक यांच्यामधला जोड.

खात्री करायला पुढची बाजू जॅकवर. घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून चाक हलवलं तर डावं खेळतं, उजवं नाही. बारा आणि सहावर धरलं तर दोन्ही गप्प. म्हणजे बॉल जॉइंट आणि बेअरिंग शाबूत. तरीही तो पोराला ब्रेक दाबून धरायला सांगतो आणि पुन्हा हलवतो. ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला असता तर बेअरिंगवर संशय गेला असता. थांबत नाही. वरच्या स्ट्रट बेअरिंगचं बघायला स्प्रिंगवर हात ठेवून स्टेअरिंग फिरवलं जातं. झटका नाही, अडकत नाही.

सर उठून उभे राहतात. त्यांच्या मते निदान झालं. मिस्त्री उठत नाही. "ब्रेक मारल्यावर जास्त फिरती म्हणालात ना? ते ह्याच्यानं नाही होत येवढं."

ही गोष्ट मला त्या दुपारची सगळ्यात मोलाची वाटते. एक दोष सापडला की हात झाडायचा मोह कुणालाही होतो, डॉक्टरलाही. इथं गिऱ्हाइकाचं एक वाक्य अजून शिल्लक राहिलंय, आणि मिस्त्री त्याचा हिशोब लावल्याशिवाय खालून निघत नाहीये. तो लोखंडी पहार लोअर आर्म आणि स्टॅबिलायझर बारच्या मध्ये घालतो आणि किंचित दाबतो. आर्म मागं सरकतो. डोळ्यांना दिसेल इतका. टोकाच्या बुशचं रबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून हातात येतं.

या गाडीत स्टॅबिलायझर बार दुहेरी नोकरी करतो. वळणावर गाडी कलू नये हे त्याचं नावातलं काम. पण खालचा आर्म हा एकच आडवा दांडा, त्याला पुढं-मागं होण्यापासून धरून ठेवायचं कामही याच बारकडं. बुश गेले की ब्रेक लावताच चाक मागं जातं, गॅस दिला की पुढं. चाक ज्या कण्याभोवती वळतं तो कणा वरून मागं झुकलेला असतो. त्या झुकावामुळं चाक आपलंआपण सरळ यायला बघतं. इथं तो झुकावच पायाच्या इशाऱ्यावर कमीजास्त होतोय. मशीनवर गाडी उभी असताना चाक जिथं असेल तिथला आकडा मशीननं छापला, आणि तो खराच होता. गाडी हलली की तो आकडा उरत नव्हता.

"मग आधी का नाही झालं असं?" सरांचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे.

मिस्त्री दोन्ही पंजे समोर धरतो, बोटं जरा आत वळवून. "चाकं आत असली ना सर, तर रस्ता त्यांना सारखा बाहेर ढकलतो. जोड ढिला असला तरी एकाच अंगाला दाबून बसतो. टायर घासत होतं, पण गाडी गप होती. आता चाकं सरळ केली." तो पंजे सरळ करतो. "दाबच गेला. जोड मोकळा. जिकडं खड्डा, तिकडं तोंड."

सर यावर बराच वेळ काही बोलत नाहीत, मग म्हणतात, "म्हणजे दोष जुनाच होता, फक्त झाकलेला." मिस्त्री मान हलवतो आणि पोराला सामान आणायला पिटाळतो.

पुढचं काम सवयीचं. टायरॉड एंड काढण्याआधी तो रंगाची खूण करतो आणि बाहेर दिसणारे आटे मोजतो, म्हणजे परत बसवताना टो फार हलायचा नाही. टेपर सोडवायला दोन हातोडे : एक मागं टेकू, दुसऱ्याचा नेमका ठोका, आणि पिन खाली. जुना रॅक एंड हातात घेतल्यावर त्याचा गोळा सैल मानेसारखा लटकतो. नव्याचं लॉक वॉशर वाकवून बसवलं जातं, नव्या बुटाला नवी क्लिप लागते. दोन्ही बाजूंचे बुश बदलले जातात, फक्त खराब दिसलेल्या बाजूचे नाहीत. पण बुशचे नट तो गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळत नाही. गाडी खाली उतरवून, पुढून दोनदा दाबून, मग शेवटचा पाना. लोंबकळत्या स्थितीत आवळलेला बुश गाडी जमिनीवर येताच पिळवटून बसतो आणि लवकर फाटतो.

टोसाठी मशीन नाही. टायर फिरवत त्यावर खिळ्यानं बारीक रेघ, दोघांनी धरलेली मेजरटेप. पुढच्या बाजूला रेघेपासून रेघेपर्यंतचं अंतर घेतात, मग गाडी अर्धा फेरा पुढं ढकलून त्याच खुणा मागं आणतात आणि परत मोजतात. त्याच खुणा दोन्हीकडं मोजल्यामुळं रिम वाकडी असली तरी फसवत नाही. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. मिस्त्रीला चालतात, पण तात्पुरते.

चाचणी शिंगणापूरच्या रस्त्यावर. मी मागं बसलोय. साठ. पासष्ट. एका खड्ड्यावरून डावं चाक जातं, गाडी उडते आणि आपल्या रेषेत खाली येते. सर मुद्दाम ब्रेक लावतात. नाक खाली जातं, दिशा नाही. मिस्त्री सरांच्या हातांकडं बघतोय. ते आता स्टेअरिंगशी झगडत नाहीयेत.

परतल्यावर तो सांगतो, "आता अलायमेंट करा."

"पुन्हा?"

"आधीचं ढिल्या गाडीवर केलं होतं सर. आता घट्ट गाडीवर करा. चार दिवस चालवा, बुश बसू द्या, मग जा. आणि त्याच मशीनवर जा, मशीन चांगलं हाये."

गाडी जरा हलली की आपल्याकडं जो तो 'अलायमेंट करून घे' म्हणतो, आणि मशीनवाल्यांकडं रांग एवढी की खाली डोकावायला कुणाला वेळ नसतो. रांगेत उभं राहण्याआधी म्हणून एवढं करा : जुनी गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडं जॅकवर चढवा, पुढची दोन्ही चाकं नऊ आणि तीनवर, मग बारा आणि सहावर धरून हलवायला लावा, आर्मच्या बुशला पहार लावून बघायला सांगा, आणि जे ढिलं निघेल ते बदलल्यावरच गाडी मशीनवर न्या.